नियमशास्त्र आणि विश्वास (ख्रिस्ती धर्म)

मोशेद्वारे इस्राएल लोकांना मिळालेले नियमशास्त्र ख्रिस्ती माणसावर कितपत बंधनकारक आहे आणि तारण (पापापासून सुटका) ते पाळल्याने मिळते की ख्रिस्तावरील विश्वासाने, हा ख्रिस्ती धर्मातील सर्वांत जुन्या वादांपैकी एक. यहुदी परंपरा या शास्त्रातील आज्ञा ६१३ मानते. पहिल्या शतकातला वाद मात्र त्यांतल्या मोजक्याच आज्ञांवर पेटला, आणि त्या तत्त्वचिंतनापेक्षा रोजच्या व्यवहाराशी निगडित होत्या : सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिवस) आणि खाण्यापिण्याचे निर्बंध.

येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदीच होते. आपण नियमशास्त्र रद्द करायला नव्हे तर पूर्ण करायला आलो, असे येशू म्हणाल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. यहुदीतर लोक मंडळीत येऊ लागले तेव्हा त्यांनी आधी सुंता करून घ्यावी काय, हा प्रश्न उभा राहिला. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषितांची बैठक झाली. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म एवढे टाळावे, सुंतेची सक्ती नको, असा तोडगा तिथे निघाल्याचे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात म्हटले आहे. तरीही अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र यहुदीतरांच्या पंक्तीतून उठला, तेव्हा यहुदीतरांत प्रचार करणाऱ्या पौल या प्रेषिताने त्याला सर्वांदेखत खडसावले. पंक्तिभेदाचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाला या भांडणाची धग वेगळी समजावून सांगायला नको.

पौलाचा युक्तिवाद यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यावर उभा आहे. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या लेखी नीतिमत्त्व गणला गेला, हे वाक्य बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात येते; सुंतेची आज्ञा १७ व्या अध्यायात. म्हणजे विश्वास आधी, विधी नंतर. बायबलमधीलच याकोबाचे पत्रही नेमके हेच वाक्य घेते, पण ते अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या बलिदानाच्या प्रसंगाशी जोडून क्रियांवाचून विश्वास निर्जीव असल्याचे सांगते. दोघांचा रोख निराळा आहे. पौल परक्यांवर लादलेल्या विधींविरुद्ध बोलतो, तर याकोब उघड्या-उपाशी भावंडाला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्या भाविकाविरुद्ध.

सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पौलाची पत्रे वेगळ्या अस्वस्थतेतून वाचली. आता प्रश्न सुंतेचा उरला नव्हता. पापी माणूस देवापुढे कसा उभा राहणार, हा होता. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या जर्मन भाषांतरात (१५२२) त्याने ‘केवळ’ विश्वासाने, असा मुळात नसलेला शब्द घातला आणि याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले. मात्र विश्वासणाऱ्याला नियमशास्त्राचा उपदेशच नको, असे त्याचा सहकारी योहान आग्रिकोला म्हणू लागला, तेव्हा ल्यूथरनेच त्याला विरोध केला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका मांडली : आरंभ देवाच्या कृपेचाच, पण माणसाचा होकार आणि आज्ञापालनही आवश्यक. या प्रश्नावर कॅथलिक आणि ल्यूथरन (ल्यूथरचे अनुयायी) यांचे संयुक्त निवेदन निघायला ३१ ऑक्टोबर १९९९ उजाडावा लागला.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी (१९७७) ल्यूथरी वाचनाचा पायाच तपासला. त्या काळचे यहुदी पुण्य साठवून तारण विकत घेऊ पाहत नव्हते, तर देवाने आधीच केलेल्या कराराला कृतज्ञतेने जागत होते, असे त्यांनी दाखवले. अंत्युखियातली पंगत डोळ्यांपुढे ठेवली तर हे म्हणणे बरेच पटते. मात्र रोमकरांस पत्रातील पापाची सारी चर्चा त्यात सामावत नाही.

इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सुंता होते, डुकराचे मांस वर्ज्य असते आणि शनिवारही पवित्र मानतात. पोर्तुगीज जेझुइटांनी (कॅथलिक धर्मप्रचारकांनी) याला यहुदीपणा ठरवले, तेव्हा सम्राट गलावदेवोसने १५५५ च्या आपल्या निवेदनात उत्तर दिले, की सुंता ही आमच्याकडची देशरीत आहे, जसे भारतातले लोक कान टोचतात.