मंगळाचे ध्रुवीय थर

मंगळाच्या दोन्ही ध्रुवांवर पाण्याचा बर्फ आणि धूळ साचून बनलेली, काही किलोमीटर जाडीची थरांची पठारे आहेत. शास्त्रीय भाषेत त्यांना ‘ध्रुवीय स्तरित निक्षेप’ म्हणतात. उत्तरेकडचे पठार सुमारे १,००० किमी. रुंद आहे. हे थर प्रथम दिसले ते मरिनर ९ यानाने १९७२ मध्ये पाठवलेल्या छायाचित्रांत. पठाराचा माथा वरून पाहिला तर बहुतेक सपाट. थर उघडे पडतात ते सर्पिल दऱ्यांच्या उतारांवर आणि काठच्या कड्यांवर.

हे थर पडतात याचे मूळ मंगळाच्या डुलण्यात शोधले जाते. त्याच्या अक्षाचा कल आज सुमारे २५ अंश आहे, पण सुमारे १,२०,००० वर्षांच्या आवर्तनात तो कमीजास्त होतो. कल वाढला की ध्रुवांवर ऊन वाढते आणि बर्फ तिथून वाफ होऊन उडतो आणि कमी अक्षांशांकडे जातो. कल घटला की पुन्हा ध्रुवांवर साचतो. बर्फातले धुळीचे प्रमाणही त्याबरोबर बदलते.

मग थरांवरून हवामानाचा इतिहास वाचता येईल का? फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाक लास्कर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये छायाचित्रांतला थरांचा उजळपणा आणि गणिताने काढलेले त्या-त्या काळचे ऊन यांचा मेळ घातला. बर्फ वर्षाला साधारण अर्धा मिलिमीटर साचत असावा, असे उत्तर आले. कल्पना देखणी होती, पण २००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स रेकॉनिसन्स ऑर्बिटर’ यानावरील हायराइज कॅमेऱ्याने उतार जवळून दाखवले, तेव्हा तिची अडचण कळली. या कॅमेऱ्याच्या चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३० सेंमी. इतक्या बारकाईने पाहिल्यावर दिसले, की पुष्कळदा उजळ-काळपट फरक थराचा नसतोच. वर बसलेली धूळ, दहिवर आणि उन्हाची तिरीप यांचा तो खेळ असतो. म्हणून आता एकाच उताराची दोन कोनांतून चित्रे घेऊन उंचीचा नकाशा करतात आणि कोणता थर किती बाहेर डोकावतो ते मोजतात. रंगापेक्षा हा पुरावा भरवशाचा.

फेब्रुवारी २००८ मध्ये याच कॅमेऱ्याने उत्तरेकडच्या ७०० मी.हून उंच कड्यावरून कोसळणारा बर्फ आणि धुळीचा लोट नेमका टिपला.

पठाराच्या आतले थर रडारने कळतात. वय मात्र अवघड. उत्तरेचे थर काही दशलक्ष वर्षांचे मानले जातात. दक्षिणेच्या पठारावर आघातविवरे, म्हणजे अशनी आदळून पडलेले खड्डे, अधिक, म्हणून त्याचा पृष्ठभाग बराच जुना. नुसते थर मोजून वर्षे मिळत नाहीत, कारण बर्फ उडून गेला की त्या काळाचे थरही जातात.