फोनो की लाइन: मिक्सरच्या मागच्या त्या सारख्याच सॉकेटांची पार्श्वभूमी

इंदूरची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) जवळ आली की राजवाड्याच्या आजूबाजूला सिस्टीम लावणाऱ्या पोरांमध्ये दरवर्षी तोच प्रश्न फिरतो, लॅपटॉप फोनोत (मिक्सरच्या रेकॉर्डसाठीच्या इनपुटात) लावला तर आवाज का फाटतो आणि टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, लाइनमध्ये (बाकी साधनांसाठीच्या इनपुटात) लावलं तर नुसती चिरचिर का ऐकू येते. काय कुठे लावायचं हे सगळ्यांना पाठ आहे, पण दोन वेगळे इनपुट मुळात आले कुठून हे फारसं कोणी सांगत नाही.

मूळ आहे रेकॉर्डच्या खाचेत. बेस जसाच्या तसा कापला तर खाच इतकी रुंद हलते की शेजारच्या खाचेत घुसेल, म्हणून कापताना बेस कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, आणि वाजवताना बरोबर उलट करावं लागतं. आधी प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं होतं. 1954 मध्ये अमेरिकेत एक समान वक्र, म्हणजे कुठला सूर किती वाढवायचा-घटवायचा याचं माप, ठरला आणि तो जगभर चालला: वाजवताना 20 हर्ट्झला जवळपास 20 डेसिबल वाढ, 20,000 हर्ट्झला जवळपास तेवढीच घट. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून (टर्नटेबलच्या सुईमागचा चुंबकाचा भाग) येतात फक्त 3 ते 5 मिलिव्होल्ट, म्हणून फोनो इनपुटमागचं सर्किट ते साधारण 100 पट वाढवतं आणि हा वक्रही लावतं.

आपल्याकडे मात्र बराच काळ वेगळंच चालू होतं. लग्नात, गणपतीत वाजणाऱ्या जुन्या वाल्व्हच्या अँप्लिफायरवर ग्रामोफोनसाठी एक इनपुट असायचं, ते क्रिस्टल पिकअपसाठी, म्हणजे चुंबकाऐवजी स्फटिकावर चालणाऱ्या सुईच्या भागासाठी. क्रिस्टल अर्धा व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त देतो आणि त्याची चालच अशी की वेगळा वक्र न लावताही कामचलाऊ आवाज येतो (पावसाळ्यात ओल धरून तो खराब व्हायचा ही वेगळी गोष्ट). त्यामुळे रेकॉर्डचा आवाज कुठल्याही इनपुटात घाला, चालतो, ही समजूत त्या काळात बहुतेक वेळा खपून जायची, आणि पुढे मॅग्नेटिक कार्ट्रिज आल्यावर तीच समजूत घोळ घालायला लागली.

आता खरा वादाचा मुद्दा. ज्या पिनला आपण आरसीए म्हणतो ती 1930 च्या दशकात अमेरिकेत आली आणि रेडिओला ग्रामोफोन जोडायला वापरली जायला लागली. पुढे हाय-फायच्या काळात टेप, ट्यूनर, सगळं त्याच पिनवर आलं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या क्लबांसाठी मिक्सर बनायला लागले तेव्हा बनवणाऱ्यांनी तीच पिन ठेवली, मिलिव्होल्टलाही आणि व्होल्टलाही. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एकाच केबलीत सगळं भागतं, बाजारात सहज मिळते, खर्च कमी. हे खरं आहे, पण मला हा निर्णय चुकीचाच वाटतो, कारण माइकला वेगळा सॉकेट मिळाला आणि जिथे फरक 400 पटीचा होणार होता तिथे रंगसुद्धा तोच, लाल आणि पांढरा. सीडी प्लेअर 1982 मध्ये आला आणि त्याचा आउटपुट 2 व्होल्टपर्यंत जातो, तो फोनोत घातला की सर्किट लगेच क्लिप होतं (झेपत नाही म्हणून आवाज फाटतो), वर बेस अजून फुगवलेला, म्हणजे सबवूफरची कॉइल जळायला पुरेसं. मग उपाय म्हणून फोनो-लाइन असा स्विच आला, पण तो सांगतो आपण काय निवडलंय, वायर कुठली आलीये ते नाही!

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. 1972 ची टेक्निक्सची टर्नटेबल एसएल-1200 आणि 1979 चं तिचं दुसरं मॉडेल ही क्लबची ठरलेली मशीन झाली आणि अर्थची वायर मिक्सरच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला कसणं सवयीचं झालं, नाहीतर 50 हर्ट्झची घूंऽऽ. 1994 मध्ये पायोनियरचा डीजेंसाठीचा सीडी प्लेअर आला, 2001 मध्ये त्याचं असं मॉडेल आलं ज्यावर सीडीसुद्धा रेकॉर्डसारखी हाताने फिरवता यायची, आणि मिक्सरवर लाइनचं वजन वाढत गेलं. आता आपल्या गेरच्या गाड्यांवर तर लॅपटॉप, कंट्रोलर आणि वायरलेस माइक, रेकॉर्ड शोधूनही दिसत नाही.

तरी गुंता संपला नाही, उलट नवा आला. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये प्रीअँप (तेच फोनोचं वाढवणारं सर्किट) आतच असतो आणि मागे छोटा स्विच. तो लाइनवर असेल तर मिक्सरही लाइनवर ठेवायचा, नाहीतर एकच सिग्नल दोनदा वाढतो. तो फोनोवर असेल तर मिक्सरही फोनोवर. आणि दोन्हीपैकी कुठलाही स्विच हलवायच्या आधी त्या चॅनेलचा फेडर (आवाजाची सरकती दांडी) पूर्ण खाली.