यूट्यूब चालतं, मग बाकीचे व्हिडिओ का अडतात?

जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून कुणीतरी हौसेनं लिनक्स घालतं. यूट्यूब झकास चालतं. मग एखाद्या बातम्यांच्या साइटवर व्हिडिओ लावावा, तर काळी चौकट आणि 'हा प्रकार चालवता येत नाही' अशा अर्थाची ओळ. नेट ठीक, स्पीकर ठीक. अडलेला असतो तो कोडेक.

आधी थोडा हिशोब. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. दर ठिपक्याला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. दिवसाचा दीड जीबीचा मोबाइल पॅक दहा सेकंदांत खलास!

हा पसारा आवरतो तो कोडेक. निवेदिकेच्या मागची भिंत हलत नाही, मग ती पुन्हापुन्हा कशाला पाठवायची? एक चित्र पूर्ण पाठवायचं. पुढच्या चित्रांत 'हा चौकोन तीन ठिपके उजवीकडे सरकला' एवढंच कळवायचं. उरलेल्या फरकातले डोळ्यांना न जाणवणारे बारकावे गणितानं गाळायचे. त्यामागचं मूळ गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, १९७४ मध्ये मांडणाऱ्या तिघांपैकी एक होते बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद.

फाइलच्या नावापुढचं 'एमपीफोर' हा नुसता डबा. आत बहुधा एच.२६४ पद्धतीनं बांधलेलं चित्र आणि एएसी पद्धतीचा आवाज असतो. डबा ओळखीचा असला, तरी आतली गाठ ब्राउझरला सोडवता आली पाहिजे.

ही गाठ लिनक्सला सुटत नाही, असं मुळीच नाही. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला एफएफएमपेग हा मुक्त प्रकल्प ती सहज सोडवतो. अडचण वकिली आहे. २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ वर अनेक कंपन्यांची पेटंट आहेत आणि अमेरिकेत सॉफ्टवेअरवरची अशी पेटंट चालतात. फेडोरा या लिनक्सच्या एका अवताराच्या पाठीशी असलेली रेड हॅट अमेरिकी कंपनी. फुकट वाटायच्या वस्तूवर ती परवान्याची जोखीम का घेईल? म्हणून फेडोरात एफएफएमपेगची छाटलेली आवृत्ती येते. फ्रान्समध्ये वाढलेला व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर मात्र मूळ रूपात बहुतेक कोडेक बरोबर घेऊनच फिरतो.

यूट्यूबचं कोडं इथंच सुटतं. गूगलनं २०१३ मध्ये व्हीपी९ हा कोडेक आणला, २०१८ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून एव्ही१ काढला. दोन्ही परवाना शुल्काविना वापरता येतात. ब्राउझरला एच.२६४ जमत नसेल, तर यूट्यूब यांपैकी एक वाढतं. लहान साइटकडे बहुधा एकच प्रत असते, तीही एच.२६४ ची.

यातली सर्वांत गमतीची तडजोड सिस्को या नेटवर्किंग कंपनीची. २०१३ मध्ये तिनं ओपनएच२६४ जाहीर केला: कोड सर्वांना खुला, आणि सिस्कोनं तयार करून दिलेली प्रत वापरली तर शुल्क सिस्को भरणार. फायरफॉक्स ब्राउझर ही प्रत, मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी, थेट सिस्कोकडून उतरवतो. तोच कोड तुम्ही स्वतः कंपाइल केलात, म्हणजे त्यापासून चालता प्रोग्राम बनवलात, तर परवान्याची काळजी तुमची!

आता उपाय. लिनक्सच्या उबुंटू या अवतारात 'उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज' हे पॅकेज टाकावं. इन्स्टॉल करतानाच जादा मीडिया फॉरमॅटच्या चौकटीत खूण केली तरी चालतं. फेडोरात आरपीएम फ्युजन हे बाहेरचं भांडार जोडून 'एफएफएमपेग-फ्री'च्या जागी पूर्ण 'एफएफएमपेग' घ्यावं. क्रोमियम आणि क्रोम ही ब्राउझर-भावंडं असली, तरी एच.२६४ क्रोममध्ये आधीच भरलेला असतो. ब्राउझर फ्लॅटपॅक या वेगळ्या बांधणीच्या पॅकेजमधून घेतला असेल, तर तो स्वतःच्या बंद खोलीत राहतो. बाहेर टाकलेला कोडेक त्याला दिसत नाही, हे माहीत नसल्यानं लोक तासन्‌तास तेच पॅकेज पुन्हापुन्हा टाकत बसतात. पैसे भरून पाहायचे सिनेमे अडत असतील, तर तो कोडेकचा नव्हे, नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा, म्हणजे डीआरएमचा प्रश्न. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये डीआरएमला परवानगी द्यावी.

व्हिडिओ लागला, पण पंखा घरघरतोय? मग गाठ सोडवण्याचं काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर करत असावा. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:सपोर्ट' हे इंग्रजीत टाइप करा आणि खाली मीडियाच्या भागात जा. तिथल्या तक्त्यात कोणता कोडेक सॉफ्टवेअरनं चालतो आणि कोणता हार्डवेअरनं, हे ओळीनं लिहिलेलं असतं.