चाईचा किडा

सोलापुरात मराठी घरात ‘चाई पडली’ म्हणतात. पूर्व भागातल्या तेलुगू घरात डोक्यावरचा तोच रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा ‘पेनुकोरुकुडू’ होतो. पेनु म्हणजे ऊ, कोरुकुडू म्हणजे कुरतडणं. रात्रीतून काहीतरी आलं आणि केस खाऊन गेलं, हा संशय दोन्ही घरांत सारखाच. कुणी झुरळाचंही नाव घेतं. मग मुलीची उशी वेगळी होते, कंगवा वेगळा होतो, शाळेत बाकावरची मैत्रीण जरा सरकून बसते. म्हणून आधी हे सांगून टाकते: चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. तो किडा कधीच सापडला नाही, पण त्याला शोधण्यात डॉक्टरांचीही बरीच वर्षं गेली.

पॅरिसमध्ये १८४३ साली डेव्हिड ग्रुबी यांनी केसांवर वाढणारी एक बुरशी शोधून काढली. शोध खरा होता, बुरशी डोक्यातल्या गजकर्णाची होती. त्यांनी मात्र ती टक्कल पाडणाऱ्या चट्ट्यांच्या माथी मारली, आणि पुढे कित्येक दशकं गजकर्ण आणि चाई यांची गल्लत होत राहिली. डॉक्टरांचा दुसरा पक्ष मज्जातंतूंना दोष देत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर दातांच्या दुखण्यामुळे चाई पडते असंही एक मत होतं. खरं तर फरक डोळ्यांना दिसतो. गजकर्णात त्वचेला खवले सुटतात, केस मध्येच तुटतात. चाईत त्वचा स्वच्छ असते आणि चट्ट्याच्या कडेला मुळाशी बारीक, टोकाला जाड असे आखूड केस उभे असतात.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत हा आजार ‘इंद्रलुप्त’ या नावाने येतो. पित्त वातासह रोमकूपात शिरून केस पाडतं, मग कफ आणि रक्त ती वाट बंद करतात, असं तिथलं स्पष्टीकरण. त्यात बाहेरचा किडा नाही, बिघाड शरीराच्या आतला आहे. सुश्रुतांना आजचं रोगप्रतिकारशास्त्र ठाऊक होतं असा याचा अर्थ मी लावणार नाही, पण ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जुन्या वैद्यकात यावर जागा खरवडून गुंजेचा लेप लावायला सांगितलं आहे.

तो लेप मी पाहिला आहे. माझ्या चुलतभावाला चाई पडली तेव्हा आजीने सराफाकडून दोन-चार गुंजा आणवल्या, सहाणेवर पाण्यात उगाळल्या. आधी खरखरीत फडक्याने चट्टा लाल होईपर्यंत घासला, मग बोटाने लेप लावला. भाऊ ओरडत होता, आजी त्याचं डोकं मांडीत दाबून बसली होती. चार महिन्यांत केस आले आणि गुंजेचं नाव झालं. गुंजेत अब्रिन नावाचं जहाल विष असतं, फुटलेली बी पोटात गेली तर जीव जाऊ शकतो, हे तेव्हा घरात कुणाला माहीत नव्हतं. आज कुणी हा उपाय करत असेल तर कृपा करून थांबवावा.

आणि केस आले ते गुंजेमुळेच, असं तरी कसं म्हणायचं? एखाद-दुसरा लहान चट्टा असेल तर निम्म्याच्या आसपास लोकांचे केस वर्षभरात आपसूक परत येतात. चाईत केसाचं मूळ मरत नाही, नुसतं थांबतं. त्यामुळे जे लावलेलं असतं, त्याला यश मिळतं. लसूण, कांदा, जास्वंद, प्रत्येकाच्या मागे एक गुण आलेला शेजारी उभा असतो.

तरीही त्वचा मुद्दाम चिडवायची ही कल्पना डॉक्टरांनीही उचलली. १९७६ मध्ये डीएनसीबी हे रसायन लावून ॲलर्जी उठवण्याचा प्रयोग झाला. पुढे ते जनुकांना अपाय करू शकतं असं दिसलं, आणि १९८३ मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ हॅपल यांनी त्याच कामासाठी डीपीसीपी हे दुसरं रसायन पुढे आणलं. पसरलेल्या चाईसाठी ते आजही काही ठिकाणी आठवड्याला एकदा लावतात.

त्याआधी कॉर्टिझोन हे स्टेरॉइड आलं होतं. संधिवाताच्या रुग्णाला ते पहिल्यांदा दिलं १९४८ मध्ये, आणि दहा वर्षांत स्टेरॉइडची सुई चाईच्या चट्ट्यापर्यंत पोचली. आज सोलापुरातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तर मोठ्या माणसाच्या दोन-चार चट्ट्यांवर बहुधा हाच उपाय होईल: बारीक सुई, थेंब-थेंब ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. लहान मुलांना सुई सोसत नाही, त्यांना बहुधा लावायचं औषध देतात. चाई पसरत असेल तर पोटातून स्टेरॉइड देण्याची वेळ येते. रोज घेतलं तर वजन, साखर, हाडं सगळ्यांवर परिणाम. म्हणून दिल्लीच्या एम्समध्ये जे. एस. पसरिचा यांनी आठवड्यात सलग दोनच दिवस गोळी देण्याची पद्धत बसवली. आधी ती इतर त्वचारोगांसाठी होती, मग चाईलाही लागू झाली. आपल्या देशातलं हे काम फारसं कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

किड्याचा प्रश्न सुटला तो शरीराच्या आतच. केसाचं मूळ हे एरवी रोगप्रतिकारक पेशींपासून आडोशाला असतं. तो आडोसा गेला की त्यांतल्याच टी पेशी मुळाभोवती गोळा होतात, सूक्ष्मदर्शकाखाली मोहोळ बसल्यासारख्या दिसतात. त्यांना चिथावणारा निरोप जॅक नावाच्या प्रथिनांतून जातो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो आणि सहकाऱ्यांनी तो मार्ग दाखवला. क्रिस्टियानो यांना स्वतःला चाई झालेली होती. जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब ही तीव्र चाईसाठी अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली गोळी ठरली. चाचण्यांत ३६ आठवड्यांनी, मोठा डोस घेतलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाच्या डोक्यावर ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त केस होते. २०२३ मध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी रिटलेसिटिनिब आली.

एका चट्ट्यासाठी या गोळ्या नसतात. त्या थांबवल्या की केस पुन्हा जाऊ शकतात, आणि त्या प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. म्हणून सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर ते लपवू नका, डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.

नवे केस पुष्कळदा पांढरे येतात. भावाच्या चट्ट्यावरही आधी पांढरी लव उगवली होती, आणि आजी घाबरली होती. रंग मागाहून भरला.