अमेरिकेतले सरकारी व्हीएचएफ बँड आणि ते ऐकणारे हौशी

जून 1940. जर्मन बॉम्बरना रात्री वाट दाखवणारा रेडिओझोत शोधायला ब्रिटिश हवाई दलाला 30 मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकणारा रिसीव्हर हवा होता. तो मिळाला लंडनच्या सोहो भागातल्या वेब्ज रेडिओ या दुकानात. शिकागोच्या हॅलिक्राफ्टर्सने हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाले) मंडळींसाठी बनवलेला हा एस-27 साधारण 28 ते 143 मेगाहर्ट्झ ऐकू शकत असे. 21 जूनच्या रात्री तो अ‍ॅन्सन विमानात चढवला आणि पूर्व इंग्लंडमधल्या स्पॉल्डिंगच्या दक्षिणेला 31.5 मेगाहर्ट्झवर झोत सापडला. रुंदी जेमतेम चार-पाचशे यार्ड. एका बाजूला मोर्ससारखी टिंबं ऐकू येत, दुसऱ्या बाजूला रेघा. लष्करी व्हीएचएफ (30 ते 300 मेगाहर्ट्झचा पट्टा) ऐकण्याला दुकानात मिळणारा सेट पुरतो, हे तेव्हाच दिसलं.

युद्धानंतर ही हौस खऱ्या अर्थाने फोफावली ती अमेरिकेत, आणि त्यात कायद्याचा वाटा मोठा. 1934 च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टच्या कलम 605 चा (आताचं 705) रोख ऐकलेलं दुसऱ्याला सांगण्यावर आणि स्वतःच्या फायद्यासाठी वापरण्यावर होता. 1986 च्या कायद्याने आणखी स्पष्ट केलं: पोलीस, सरकारी खाती, नागरी संरक्षण यांचं सहज ऐकू येणारं, कूटबद्ध नसलेलं बोलणं ऐकणं गुन्हा नाही.

बँडची वाटणी ठरलेली आहे. 138 ते 144 आणि 148 ते 150.8 मेगाहर्ट्झ प्रामुख्याने लष्कराकडे, 162 ते 174 केंद्रीय खात्यांकडे. मधल्या 144 ते 148 मध्ये हॅम, तर 150.8 ते 162 च्या पट्ट्यात पोलीस, अग्निशमन, रेल्वे आणि जहाजं. राज्य आणि शहर पातळीवरचे परवाने एफसीसी (केंद्रीय संचार आयोग) देते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. केंद्र सरकारच्या फ्रिक्वेन्सी मात्र एनटीआयए (वाणिज्य खात्यातली दूरसंचार संस्था) वाटते आणि ती नोंदवही खुली नाही. या हौसेतली सगळी मेहनत इथेच लागते: कोणत्या फ्रिक्वेन्सीवर कोण बोलतं, हे ऐकून, टिपून, ताडून बसवायचं.

क्रिस्टलच्या (सेटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा स्फटिक) काळात हे काम फार महाग पडे. 1960 च्या दशकाअखेरच्या स्कॅनरमध्ये (चॅनेलांवरून आपोआप फिरत ऐकणारा सेट) प्रत्येक चॅनेलला वेगळा क्रिस्टल लागे. 10.7 मेगाहर्ट्झ आयएफच्या (सेट आलेला संदेश ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) सेटमध्ये वरच्या व्हीएचएफसाठी सर्रास चालणारा हिशेब असा: चॅनेलमधून 10.7 वजा करा, तिनाने भागा. 165.375 साठी 51.5583 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. अंदाज चुकला तर पैसे गेले, त्यामुळे अनोळखी फ्रिक्वेन्सी शोधत बसणं परवडत नसे. 1975 च्या बेअरकॅट 101 ने क्रिस्टल हटवले; त्यात पुस्तिकेतला कोड बघून सोळा खटके वर-खाली करावे लागत. 1977 च्या बेअरकॅट 210 ला आकड्यांची बटणं आली आणि ‘सर्च’ (पट्टा आपोआप धुंडाळणं) ही खरी सोय झाली. अनोळखी सरकारी चॅनेल शोधण्याचा छंद खरा इथून सुरू होतो.

त्याबरोबर फसगतही आली. संदेश आयएफवर आणणारा सेटमधला ऑसिलेटर ऐकायच्या फ्रिक्वेन्सीच्या 10.7 खाली चालत असेल, तर तिच्या 21.4 मेगाहर्ट्झ खालचा संदेशही प्रतिबिंब म्हणून आत येतो. म्हणजे 119.000 वरचा विमानतळाचा टॉवर 140.400 वर बोलताना सापडतो आणि वहीत ‘नवीन लष्करी चॅनेल’ म्हणून चढतो. विमानतळाजवळ राहणाऱ्यांच्या जुन्या याद्या अशा भुतांनी भरलेल्या असत. खात्री करणं सोपं: 21.4 वजा करून तिथे एएमवर ऐका. तेच बोलणं जास्त स्वच्छ ऐकू आलं, तर नोंद खोडा.

पुढचा धक्का नॅरोबँडिंगचा. केंद्रीय खात्यांनी 162 ते 174 मध्ये 1 जानेवारी 2005 पर्यंत आणि 138 ते 150.8 मध्ये 1 जानेवारी 2008 पर्यंत 25 ऐवजी 12.5 किलोहर्ट्झच्या चॅनेलवर यायचं होतं. 5 किलोहर्ट्झच्या पायरीने चालणाऱ्या जुन्या स्कॅनरला 163.4125 नेमकं भरताच येत नाही, 163.410 किंवा 163.415 वर बसवावं लागतं. शिवाय डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी किती हलते ते) निम्मं झाल्याने आवाज बारीक येतो.

पाठोपाठ पी-25 ही डिजिटल पद्धत आणि तिच्यासोबत एईएस-256, म्हणजे किल्ली (गुप्त आकडा) असलेल्यालाच उलगडणारं कूटबद्धीकरण. इथे दार बंद झालं, आणि ते कायद्याने नव्हे, किल्लीने. तरी किल्ली वापरणारी माणसंच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक महानगरांत केंद्रीय खात्यांचे बँड ऐकून 2011 मध्ये मांडलं, की दर शहरात दिवसाला सरासरी वीस मिनिटांहून अधिक संवेदनशील बोलणं उघड्यावर जात होतं. कारणं साधी: सेटवरचा खटका कोणत्या बाजूला आहे हे नीट कळत नाही, किल्ल्या वारंवार बदलल्या की कोणाकडे तरी जुनीच राहते, आणि एकजण उघड्यावर बोलला तरी बाकीच्यांना त्याचं बोलणं नेहमीसारखंच ऐकू येतं. ऐकणाऱ्याला मात्र कूटबद्ध चॅनेलवरही काहीतरी मिळतं: फ्रिक्वेन्सी, वेळ, एनएसी कोड (त्या रेडिओजाळ्याचा ओळख क्रमांक).

2012 पासून संगणकाला लावायच्या टीव्हीच्या डोंगलला एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) म्हणून जुंपता येऊ लागलं आणि खर्च कोसळला. डोंगल एकावेळी साधारण 2.4 मेगाहर्ट्झ दाखवतो, म्हणजे 138 ते 144 साठी तीन फेऱ्या. तो संदेश फक्त आठ बिटांत मोजतो, त्यामुळे जवळच्या एफएम केंद्राने तो गुदमरतो. 88 ते 108 अडवणारा फिल्टर आधी लावावा, अ‍ॅम्प्लिफायर नंतर. 150 मेगाहर्ट्झला पाव तरंगाची उभी दांडी सुमारे 47.5 सेंटिमीटर. दहा मीटर उंचीवरच्या अँटेनाला नऊ हजार मीटरवरचं विमान चारशे किलोमीटरवरून ऐकू येऊ शकतं, पण जमिनीवरचा हातातला सेट मोकळ्या मैदानातही अठराएक किलोमीटरपलीकडे नाही. म्हणून अनुभवी मंडळी विमानांकडे वळतात.

हे सगळं अमेरिकेतलं. ब्रिटनमध्ये 2006 च्या वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टचं कलम 48 आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणंच गुन्हा ठरवतं. भारतात 1933 च्या कायद्याने वायरलेस यंत्र बाळगायलाही परवाना लावला. 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 42 नुसार संदेश बेकायदा टिपल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुण्या-नाशकात डोंगल विकत मिळतो म्हणून लष्करी बँड ऐकायला मोकळीक आहे, असं कोणी समजू नये. हॅम परवाना हॅम बँडपुरता असतो.

अमेरिकेत अजून उघडं राहिलेलं थोडकं नाही. 162.400 ते 162.550 वर हवामान खात्याची सात चॅनेलं अखंड चालतात आणि नवा अँटेना तपासायला तीच बरी. वणव्याच्या दिवसांत 168.625 हा ‘एअर गार्ड’ (वणवा विझवणाऱ्या विमानांचा आणीबाणीचा चॅनेल) साध्या एफएमवर, 110.9 हर्ट्झच्या टोनसह (सेट उघडणारा सूर) ऐकू येतो. वेगवेगळ्या खात्यांची आणि कंत्राटदारांची विमानं एकाच धुरात उडतात. त्या सगळ्यांच्या सेटमध्ये एकच किल्ली भरणं जमण्यासारखं नाही.