ढोलाचा ठेका आणि फडके सरांचं घड्याळ

गणपतीच्या आधी संध्याकाळी गोदाकाठी गेलात तर नाशिक ढोलाची तालीम हमखास ऐकू येते. परवा शेवटच्या रांगेतला एक मुलगा सारखा ओरडा खात होता. "ऐकत बसू नको रे, हात बघ माझा!" प्रमुखाचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे उभं राहून ताशा ऐकून टिपरू मारलं, तर सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे पडणारच. हात मात्र सगळ्यांना एकदमच दिसतो.

विजेच्या जाळ्यालाही असा एक हात हवा होता. तो मिळाला वीज-अभियंते प्रा. अरुण फडके यांच्यामुळे.

आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातलं २१० मेगावॅटचं जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. कोराडी, चंद्रपूरची जनित्रंही याच ठेक्यावर बांधलेली. पण ठेका एक असला तरी सगळ्यांची टिपरी नेमक्या एकाच क्षणी पडत नाहीत. कुणी किंचित पुढे, कुणी मागे. हा फरक म्हणजे फेज अँगल. वीज पुढच्याकडून मागच्याकडे वाहते. ओढ वाढली की अँगल रुंदावतो, आणि फारच रुंदावला की पथक फुटतं. मग अंधार.

हा अँगल मोजायचा तर दोन गावांची घड्याळं तंतोतंत जुळायला हवीत. एक फेरा जेमतेम २० मिलिसेकंदांचा. घड्याळ १ मिलिसेकंद चुकलं तरी मोजमाप १८ अंशांनी घसरतं.

फडके सर ग्वाल्हेरचे, जन्म १९३८ चा. खरगपूरची आयआयटी, मग अमेरिकेत विस्कॉन्सिनला पीएचडी. पुढे तिथल्या एका वीज कंपनीत ते रिलेवर काम करत होते. रिले म्हणजे बिघाड दिसताच तार तोडायचा हुकूम देणारा पहारेकरी. हे काम त्यांना संगणकाकडून करून घ्यायचं होतं, पण तेव्हाचे संगणक पडले मंद. तीन फेजांमधले सगळे बिघाड ओळखायचे तर दर वेळी सहा समीकरणं तपासावी लागत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ती एकाच समीकरणात बसवली. गंमत म्हणजे या हिशेबात फेज अँगल आयताच हाती येत होता. माझ्या मते खरं घबाड तेच.

१९८२ पासून ते व्हर्जिनिया टेकमध्ये शिकवू लागले. जीपीएसचे उपग्रह तेव्हा आकाशात मोजकेच होते, तरी गावोगावची घड्याळं जुळवायला त्यांची अचूक वेळ वापरायचं ठरलं. १९८८ मध्ये तिथे हा अँगल मोजणारं पहिलं यंत्र, फेजर मेजरमेंट युनिट, म्हणजेच पीएमयू, उभं राहिलं. घड्याळातली चूक मायक्रोसेकंदावर आली की अँगलमधली चूक उरते फक्त ०.०१८ अंश!

याची किंमत जगाला कळली १४ ऑगस्ट २००३ ला. अमेरिका-कॅनडात सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. आधी काय तुटलं आणि नंतर काय, हे लावतानाच चौकशीवाल्यांच्या नाकी नऊ आले, कारण ठिकठिकाणच्या नोंदींची घड्याळंच जुळत नव्हती. २००८ मध्ये फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं.

आपल्याकडे ३० जुलै २०१२ च्या रात्री २.३३ वाजता उत्तरेचं जाळं कोसळलं. महाराष्ट्र वाचला. सुरुवात झाली ती ४०० किलोव्होल्टची एक तार तुटण्यापासून. तिच्यावरचा जादा भार रिलेने बिघाड समजून तोडला होता. त्यानंतर देशभर शेकडो पीएमयू बसले.

ती तार होती बिना ते ग्वाल्हेर. फडके सरांच्या जन्मगावाची.