वायफायचा पासवर्ड बदलताना नेमके काय बदलते?

फोनवर टाकलेला वायफायचा पासवर्ड हवेतून राउटरकडे जातो आणि तेथे तपासला जातो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो हवेतून कधीच जात नाही. २००४ साली आलेल्या आणि अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत फोन आणि राउटर आपापल्या जागी पासवर्ड व नेटवर्कचे नाव एकत्र घेतात, त्यांवर एक गणिती प्रक्रिया ४,०९६ वेळा करतात आणि २५६ बिटांची किल्ली तयार करतात. त्यानंतर चार संदेशांची देवाणघेवाण करून दोघांकडे एकच किल्ली असल्याची खात्री पटवली जाते. पासवर्ड बदलला म्हणजे ही किल्ली बदलली.

कच्चा दुवा त्या चार संदेशांत आहे. आसपासचा कोणीही ते टिपून ठेवू शकतो आणि आपल्या संगणकावर सवडीने एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. राउटरला याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे चुकीच्या प्रयत्नांनंतर दार बंद होण्याचा प्रश्नच येत नाही. सेकंदाला १० लाख प्रयत्न होतात असे धरले, तर आठ अंकी संख्येच्या सर्व १० कोटी शक्यता १०० सेकंदांत संपतात. त्याच वेगाने फक्त लहान लिपीतील (a ते z) १२ इंग्रजी अक्षरांचा, कोणताही अर्थ नसलेला पासवर्ड शोधायचा म्हटले, तर सर्व शक्यता तपासायला सुमारे ३ हजार वर्षे लागतील. पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा ठेवता येतो, आणि माझ्या मते एखादे अवघड चिन्ह घुसवण्यापेक्षा ही लांबी वापरणे कितीतरी अधिक मोलाचे आहे. जन्मतारीख किंवा मुलांची नावे मात्र लांब असली तरी टाळावीत, कारण अंदाज बांधणारा सुरुवात तिथूनच करतो.

बदल करण्यासाठी ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा लागतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. या पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो, आणि तो कारखान्यातून आला तसाच राहिला असेल तर आधी तो बदलावा. तेथेच डब्ल्यूपीए३ हा पर्याय दिसल्यास आणि घरातील उपकरणांना तो चालत असल्यास निवडावा. २०१८ साली आलेल्या या पद्धतीत प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते, त्यामुळे टिपलेल्या संदेशांवर घरबसल्या अंदाज चालवता येत नाहीत.

डब्ल्यूपीएस ही, पासवर्ड न टाकता पिनने उपकरण जोडण्याची सोय मात्र बंद करावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिचा पिन आठ अंकी असला, तरी राउटर त्याचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो; म्हणून १० कोटींऐवजी जेमतेम ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ साली उघड झाले. हा पिन चालू राहिला, तर पासवर्ड कितीही लांब असला तरी त्याला वळसा घालता येतो.

नवा पासवर्ड जतन करताच वायफायवरील सर्व उपकरणांची जोडणी तुटते, आपण ज्या फोनवरून बदल करत आहोत त्याचीसुद्धा. प्रिंटर, टीव्ही, कॅमेरे यांत तो पुन्हा भरणे कंटाळवाणे असते. परंतु पूर्वी कधीतरी पासवर्ड मिळालेली माणसे आणि विकून टाकलेले फोन नेटवर्कबाहेर जातात ते याचमुळे. पुढे पाहुण्यांना वेगळे गेस्ट नेटवर्क दिले, तर त्यांच्यासाठी घरातील प्रत्येक उपकरणाची किल्ली पुन्हा बदलावी लागत नाही.